पायलट व्हायचंय? आधी टेप काढा

लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई लढाऊ विमान गेलं की पुण्यातली पोरं माना वर करतात. क्लासची फी भरण्याआधी आईबाबांनी घरी एक काम करावं. मोजमाप.

हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेला किमान 162.5 सेंमी उंची लागते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण बसलेली उंची 81.5 ते 96, पायाची लांबी 99 ते 120 आणि मांडी जास्तीत जास्त 64 सेंमी, इथे गाडी अडते. मुलाला किंवा मुलीला भिंतीला पाठ आणि कंबर घट्ट टेकवून बसवा, पाय समोर सरळ. भिंतीपासून टाचेपर्यंत पायाची लांबी. मग गुडघा वाकवून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडी. कंबर जराशी सुटली तरी आकडा फुगतो, म्हणून तीनदा मोजा. पाय आखूड असेल तर रडर पेडल, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायातलं पेडल, गाठत नाही. मांडी लांब असेल तर इजेक्शनच्या वेळी, म्हणजे संकटात वैमानिक सीटसकट विमानाबाहेर फेकला जाताना, गुडघे समोरच्या पॅनलवर आपटतात.

रंगांधळेपणाची तपासणी दहावीतच उरका. सीपीएसएस, म्हणजे वैमानिक निवडीची संगणकीकृत चाचणी, मात्र आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा जागरण करून तिथे पाठवू नका.