हाड शाबूत, तरी दोन महिने

जिन्याच्या दोन पायऱ्या उरल्या होत्या, मला वाटलं एकच आहे. हात टेकायलाही वेळ मिळाला नाही, सगळा भार उजव्या खांद्याच्या टोकावर आला. उठून बोटं हलवली, कोपर वाकवलं, सगळं चालत होतं. मुका मार आहे असं मीच ठरवून टाकलं आणि रात्री गरम पाण्याच्या पिशवीने मस्त शेकलं. सकाळी खांदा टम्म सुजलेला. ताज्या दुखापतीला बर्फ लावतात, शेक नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दुखायला लागलं की माहिती कुठे आठवते!

डॉक्टरांनी आधी विचारलं, "एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे?" बोट गेलं ते कॉलरबोन संपते त्या उंचवट्यावर. मग हात छातीवरून डाव्या खांद्याकडे न्यायला सांगितला, तेव्हा मी ओरडलेच. दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, तेही पाहिलं. सांध्याजवळून जाणारी एक नस दुखावली तर तिथे बधिरपणा येतो म्हणे.

एक्स-रे दोन्ही खांद्यांचे काढले. हाड मोडलेलं नाही म्हटल्यावर मी उठायच्याच बेतात होते. "बसा," ते म्हणाले, "यात लिगामेंट, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा, दिसत नाही, दोन हाडांमधली फट दिसते." उजवीकडची फट डावीपेक्षा जरा मोठी होती. खांदा म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण, एवढंच मी समजत होते. पण वरच्या बाजूला फऱ्याचं टोक आणि कॉलरबोन जिथे भेटतात तिथे आणखी एक छोटासा सांधा असतो, एसी जॉइंट. दुखापतीच्या पहिल्या, म्हणजे सौम्य ग्रेडमध्ये त्याची लिगामेंट नुसती ताणली जातात. दुसऱ्या ग्रेडमध्ये सांध्यावरची फाटतात, पण कॉलरबोनला खालून फऱ्याशी बांधून ठेवणारी टिकून राहतात. तिसऱ्यात तीही तुटतात. माझी दुसरी ग्रेड. ऑपरेशनची गरज नव्हती, पण लिगामेंटला रक्तपुरवठा बेताचाच, त्यामुळे भरून यायला वेळ लागणार होता.

मग स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, आणि सुरुवातीचे काही दिवस टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. दिवस निघून जायचा, रात्र संपायची नाही. कुशीवर वळता येईना. पाठीवर निजून कोपराखाली उशी सरकवली की खांदा मागे ओढला जायचा थांबे. कपड्यांचं गणितही उशिरा उमगलं: घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. त्याआधी दोन दिवस मी बाहीत अडकून रडकुंडीला आले होते.

स्लिंगमध्ये हात सुरक्षित वाटतो आणि तिथेच गोम आहे. फार दिवस हलवला नाही तर खांदा आखडतो. म्हणून कोपर, मनगट, बोटं यांची हालचाल पहिल्या दिवसापासून होती. आठवड्याभराने फिजिओने लंबक शिकवला. डावा हात टेबलावर टेकून वाकायचं, उजवा सैल सोडायचा आणि कंबर हलवून त्याला झुलू द्यायचं. मी हाताने हात हलवत होते. "तुम्ही हलवू नका, त्याला हलू द्या," हे तिला चार वेळा सांगावं लागलं. त्यानंतर भिंतीवर बोटांनी चढणं. जिथवर बोटं पोचली तिथे पेन्सिलची रेघ. कधी एका बोटाने वर, कधी चार दिवस तिथेच.

पाचव्या आठवड्यात दुखणं जवळजवळ गेलं. मी कपाटावरची बॅग काढली आणि हात वर असतानाच भार अंगावर आला. त्या रात्री पुन्हा बर्फ. फिजिओ रागावली नाही, फक्त म्हणाली, दुखणं थांबलंय, ताकद कुठे आलीय? रबर बँडचे व्यायाम खरे तिथून सुरू झाले, फऱ्याभोवतीचे स्नायू कामाला लावणारे. नियम एकच: व्यायामानंतर थोडं ठणकलं तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं.

आठव्या आठवड्यात हात डोक्यावर पूर्ण गेला. कॉलरबोनच्या टोकाशी एक छोटा उंचवटा राहिलाय. तो राहील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बॅगेचा पट्टा नेमका तिथेच टोचतो, म्हणून बॅग आता डाव्या खांद्यावर असते.