आत्याचा मान

सातवीतल्या भाच्याच्या वहीत इंग्रजी वाक्य होतं, 'डोन्ट कॉल हिम नेम्स'. त्याखाली त्यानं भाषांतर केलं होतं, 'त्याला नावांनी हाक मारू नका.' मी ते खोडलं, तर म्हणतो, "मग नावानं नाही तर कशानं मारायची बे हाक?"

"आत्याला बे म्हणतोस?" आतून वहिनी ओरडल्या. त्यांचं बरोबरच, पण सोलापुरात ह्याला इलाज नाही. आमच्या पूर्व भागात एकाच कट्ट्यावर मराठीतून 'काय बे', तेलुगूतून 'एंरा' आणि कन्नडमधून 'एनले' चालू असतं आणि कुणाचाही अपमान होत नाही.

त्याला म्हटलं, ह्याचा अर्थ वेडंवाकडं बोलणं. जाड्या, चष्मिश, बावळट वगैरे. 'बाय नेम' हाक मारली तर सभ्यपणा. नेमचे नेम्स झाले की भांडण. त्याला हे विचित्र वाटलं. पण आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? नाव ठेवतात ते बारशाला, नावं ठेवतात ती पुढं जन्मभर. मध्ये फरक एका टिंबाचा.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. ह्याच्या कानात 'कुर्रर्र' करून मीच सिद्धराम नाव ठेवलं. ग्रामदैवताचं नाव, गड्ड्याच्या यात्रेत नुसतं 'सिद्धराम' म्हणून ओरडलात तर चार जण तरी वळून बघतील. त्यानंतर मी ह्याच्या अक्षराला, केसांच्या कटिंगला, जेवताना मोबाईल बघण्याला नावं ठेवत आलेय. टिंब माझ्याच हातचं.

तरी दोन्ही वाक्प्रचार तंतोतंत जुळत नाहीत. नावं ठेवणं बहुतेक पाठीमागं चालतं, आणि त्याला माणूसच लागतो असं नाही. पाहुणे आमच्या कडक भाकरीला नावं ठेवतात (आणि जाताना दोन पुडे घेऊन जातात). इंग्रजीतले नेम्स मात्र माणसालाच चिकटतात, तेही सहसा तोंडावर.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ह्याचंच एक भावंड आहे, 'ही कॉल्ड मी आउट ऑफ माय नेम'. मला माझ्या नावाबाहेर काढून बोलला. गुलामगिरीत मालक माणसांची नावं बदलत, पिकल्या केसांच्या पुरुषालाही 'बॉय' म्हणत. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांच्या तोंडी 'नावाबाहेर' हा शब्द नुसता व्याकरणाचा राहत नाही. हे सातवीतल्या पोराला कितपत सांगावं कळेना, पण सांगितलं.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सिद्ध्या म्हटलं तर?"

"ते नावातच आलं की."

"आणि वर्गात ढब्बू म्हणतात ते?"

हे मला माहीत नव्हतं. "तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"कोण म्हणतंय त्यावर हाय," तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढत बसला.

शेवटी मीच वहीत लिहून दिलं, 'त्याला नाही नाही ते बोलू नकोस.' त्यानं ते दोनदा वाचलं.

"आत्या, ह्यात नाव कुठाय?"