थिबाच्या आवारातली झाडं

रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघायला आलेली माणसं साधारण अर्ध्या तासात बाहेर पडतात. मीही आजवर तेवढंच केलं होतं. शाळेच्या सहलीत एकदा, मग पाहुण्यांबरोबर दोनदा. पायऱ्यांवर फोटो, आत एक फेरी, की चला गणपतीपुळ्याला. या वेळी आईने निघायच्या आधीच बजावलं, "मला पळवायचं नाही हं. मी झाडाखाली बसणार." म्हणून पौषातला एक अख्खा शनिवार आम्ही त्या आवारासाठी राखून ठेवला.

चिपळूणहून पहाटेच निघालो. आई, मी, नवरा, आणि पाचवीत असलेली लेक. डब्यात आंबोळ्या आणि खोबऱ्याची चटणी. हातखंब्याला चहा होईस्तोवर ऊन वर आलं होतं. रस्त्याकडेच्या कलमांवर मोहर दिसायला लागला तशी आई खिडकीतून हिशोब करायला लागली: यंदा थंडी बरी आहे, पण मळभ आलं तर तुडतुडे पडतील. तिचं माहेर पावसचं. आंब्याकडे तिला नुसतं बघता येतच नाही.

आवारात शिरलं की समोर तो तांबडा, तीन मजली वाडा. उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या, त्यावर ब्रह्मी धाटणीची लाकडी नक्षी. कोकणातल्या कुठल्याच वाड्यासारखा तो दिसत नाही, आणि तरी जांभ्याच्या त्या कातळावर परका वाटत नाही. आत वस्तुसंग्रहालय आहे, जुने फोटो आहेत. ते आम्ही नीट पाहिलं. मग आई म्हणाली तसं बाहेर येऊन झाडाखाली सतरंजी पसरली.

लेकीने विचारलं, "आजी, हा राजा इथला नव्हता ना? मग इथे कसा आला?"

सांगायला बसलो आणि लक्षात आलं की ही गोष्ट झाडापासूनच सुरू करावी लागते. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. 1878 साली मंडालेच्या गादीवर बसला. त्याच्या राज्यातली सागवानाची जंगलं तोडायचा मक्ता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीकडे होता. ओंडके जास्त नेले आणि पट्टी कमी भरली, असा ठपका ठेवून दरबाराने 1885 मध्ये कंपनीला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरात फौजा इरावती नदीतून वर सरकल्या आणि दोन आठवड्यांत राज्य संपलं. थिबा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. राण्या आणि लहानग्या मुलींसह त्याला आधी मद्रासला आणि 1886 च्या एप्रिलात रत्नागिरीला आणून ठेवलं. शेवटची राजकन्या इथेच जन्मली. भाड्याच्या बंगल्यांत चोवीस वर्षं काढल्यावर, 1910 साली, तो या वाड्यात राहायला आला.

आई सगळं ऐकत होती. मान वळवून तिने वरच्या मजल्याच्या लाकडी नक्षीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या पावसच्या घराचे खांब पण बर्मा टीकचे गो. आजोबा केवढ्या तोऱ्यात सांगायचे." मग थोडा वेळ ती गप्प राहिली. ज्या लाकडापायी त्याचं राज्य गेलं, त्याच लाकडाच्या कोरीव पट्ट्यांखाली त्याने शेवटची सहा वर्षं काढली. हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. अर्ध्या तासाच्या फेरीत सुचणारही नाही.

लेकीने लगेच पुढचं जोडलं: "मंडाले म्हणजे टिळकांना ठेवलं होतं तेच ना?" तेच. लोकमान्यांचं जन्मघर इथून फार लांब नाही, टिळक आळीत आहे. 1908 ते 1914 रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. ती वहीत दोन बाण काढून बसली, एक जाणारा, एक येणारा.

मग आजी-नात झाडांची यादी करायला उठल्या. मी मागे मागे. आंबा आणि फणस आईने लांबूनच मोजले. चाफ्यापाशी मात्र बराच वेळ गेला. पौषात त्याच्या अंगावर पान नव्हतं, नुसत्या जाड्या, कोपरं काढलेल्या फांद्या आणि एका टोकाला चार फुलं. आपल्याकडे हा देवचाफा, खुरचाफा. देवळाच्या आवारात तो नाही असं गाव दाखवायला कोकणात कष्ट पडतील. पण मूळचा तो मेक्सिकोकडचा. ब्रह्मदेशातही तो पॅगोड्यांभोवती असतो आणि त्यांच्या भाषेत त्याचं नाव आहे 'चिनी चाफा'. म्हणजे आला अमेरिकेतून, त्यांनी समजलं चीनमधून, आणि आपण तर देवाचाच करून टाकला. राजाच्या मुलींना इथे काही ओळखीचं वाटलं असेल तर ते या फुलात वाटलं असेल, असं माझ्या मनात आलं.

लेकीने मग प्रत्येक झाडाला विचारायला सुरुवात केली, हे कुठलं? गुलमोहर मादागास्करचा. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. आई वैतागली. "काजू ब्राझीलचा? मग आमचा काय?" तिने स्वतःच आठवून बिवल्याचं नाव घेतलं. बिवला आपलाच, रानातला. पिवळ्या फुलांचा. ब्रह्मदेशाचं लाडकं फूल पडाउक, ते बिवल्याच्याच कुळातलं, आणि त्यांच्या नववर्षाच्या सुमारास, एप्रिलात, ते झाड पिवळंधमक होतं. आवारात आम्हाला बिवला सापडला नाही. लेकीने तरी वहीत लिहून ठेवला.

दुपारी खानावळीत सुरमईचं ताट, सोलकढी. त्यानंतर थिबाच्या समाधीकडे गेलो. डिसेंबर 1916 मध्ये तो गेला, आणि मायदेशी त्याला नेऊ दिलं नाही. धाकटी राणी त्याच्या आधीच, 1912 साली गेली होती. दोघांनाही इथेच ठेवलं. थोरली राणी सुपायालत 1919 साली परतू शकली, तीही मंडालेला नाही, रंगूनला. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीपुढे येऊन उभे राहिले होते. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीतच आली. वाड्यावर नोकरीला असलेल्या इथल्याच माणसाशी तिने घर केलं होतं. तिची मुलगी टूटू मराठीच बोलायची, इथेच संसार केला, गरिबीत जगली आणि 2000 साली वारली. हे ऐकताना आईने डोळ्याला पदर लावला. मला वाटतं राजवाडा दाखवताना आपण टूटूची गोष्ट आधी सांगायला हवी, राजाची नंतर.

परतताना भाट्याला थांबलो. तिथे कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या दोन ओळींमधल्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस लावून एकाच जमिनीत चार पिकं कशी घ्यायची ते इथे झाडं दाखवूनच शिकवतात. या पद्धतीला नावच पडलंय 'लाखी बाग'. आईचा खरा दिवस इथे सुरू झाला. जायफळाला नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांवरून लावलं तर नर की मादी हे कळायलाच कित्येक वर्षं जातात, आणि नर निघाला तर फळ नाही. म्हणून मादीचं कलम घ्यायचं, आणि परागासाठी बागेत थोडे नर ठेवायचे. एवढं सगळं तिने तिथल्या माणसाला विचारून पक्कं करून घेतलं आणि जायफळाचं एक कलम घेतलं. "आणि हे कुठलं?" लेकीने विचारलंच. बांदा बेटांचं, इंडोनेशियातलं.

सूर्य कलला तेव्हा आम्ही थिबा पॉईंटवर होतो. खाली भाट्याची खाडी, पूल, पलीकडे सुरूचं बन आणि पुढे उघडा समुद्र. होड्या परतत होत्या. लेक वही मिटून कठड्याला टेकून उभी राहिली आणि मंडाले कुठल्या दिशेला म्हणून विचारलं. मी समुद्राकडे हात करणार होते, पण मंडाले तिकडे नाही, पाठीमागे आहे, पूर्वेला, सह्याद्रीच्या आणि अख्ख्या देशाच्या पलीकडे. इथून समुद्र कितीही वेळ बघितला तरी त्याचं गाव त्या बाजूला नव्हतंच.

गाडीत कलम लेकीच्या मांडीवर होतं. हातखंबा मागे पडल्यावर गार वारा आत यायला लागला, तशी आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "काच वर कर गो बाय, पानं फाटतील त्याची."