तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी स्वतःहून पैसे देतेय, मग वकील कशाला?

व्यापारी बोटीवर कामाला असलेला मुलगा किंवा नवरा जखमी झाला किंवा गेला, की गुहागर-दापोलीपासून गोव्यातल्या सासष्टीपर्यंतच्या घरांतून मला हाच प्रश्न येतो. "मॅडम, कंपनीची माणसं चांगली आहेत, पैसे द्यायला तयार आहेत. एका कागदावर सही मागतायत. मग वकिलाचं काय काम?"

वकील हवाच असं मी कुणाला सांगत नाही. पण सही करण्याआधी तो कागद समजून वाचणारं, तुमच्या बाजूचं कुणीतरी हवंच. ते कशासाठी, ते सांगते.

'कंपनी' म्हणून घरी येतो तो बहुतेकदा भरती करणाऱ्या एजन्सीचा माणूस. जहाजाचा मालक वेगळ्याच देशात असतो, झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, पनामाची किंवा लायबेरियाची, जहाज चालवणारी मॅनेजर कंपनी आणखी तिसरीकडे. पैसे मोजणार असतो मालकाचा विमा, म्हणजे ज्याला पी अँड आय क्लब म्हणतात तो. या क्लबांकडे याच कामात मुरलेले वकील असतात आणि तुमच्यासमोर आलेला कागद बहुधा त्यांच्याच हाताखालून गेलेला असतो. एका बाजूचा वकील आधीच कामाला लागलेला आहे. तेराव्याच्या आत घरच्या बाईकडून इंग्रजी कागदावर सही घ्यायला माणूस येतो, तेव्हा मला खरोखर संताप येतो.

आता त्या कागदाबद्दल. २००६चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार, जहाजावरच्या भाषेत एमएलसी, भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. कामामुळे आलेला मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व यासाठी खलाशाच्या नोकरीच्या करारात ठरलेली भरपाई देता यावी म्हणून मालकाने आर्थिक हमी ठेवलीच पाहिजे, ही दुरुस्ती २०१७ पासून लागू झाली. त्यात स्पष्ट म्हटलंय की ठरलेली रक्कम पूर्ण आणि विनाविलंब द्यायची, कमी घ्या म्हणून दबाव आणायचा नाही. अपंगत्व किती राहील हे लगेच कळत नसेल, तर अंतरिम रक्कम द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावतीचा नमुनासुद्धा त्यातच दिलाय. ही रक्कम घेतली तरी निष्काळजीपणाबद्दल किंवा इतर कायद्याखाली दावा करायचा माझा हक्क शाबूत आहे, असं त्या नमुन्यात लिहिलेलं आहे. पुढे जास्त रक्कम मिळाली तर आधीची त्यातून वजा होईल, एवढंच. तुमच्यासमोरच्या कागदावर मात्र 'फुल अँड फायनल' असेल आणि पुढचे सगळे दावे सोडल्याचं असेल, तर तो हा नमुना नव्हे. एमएलसीच्या नमुन्यातली पावती द्या, असं लेखी मागा.

विमा कुणाचा आहे हे सांगणारं प्रमाणपत्र खलाशांना दिसेल अशा जागी जहाजावर लावावं लागतं. बोटीवर असलेल्या प्रत्येकाला मी सांगते, त्याचा आणि आपल्या नोकरीच्या कराराच्या सगळ्या पानांचा फोटो घरी पाठवून ठेव. अपघात झालाच, तर लॉगबुकमधली नोंद, अपघाताचा अहवाल आणि त्या पाळीला सोबत कोण होतं त्यांची नावं लगेच मिळवायची. साइन ऑफ, म्हणजे नेमणूक संपून जहाजावरून उतरणं, झाल्यावर साक्षीदार चार देशांत पांगतात. भांडण बहुतेकदा इथेच होतं. आजार आधीपासूनचा होता, लपवला होता, तो स्वतःहून पडला, असं म्हटलं जातं आणि उलट सांगायला कुणी उरत नाही.

समुद्रात बेपत्ता झालेल्या माणसाच्या घरच्यांचे हाल तर वेगळेच. मृतदेह नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून विमा नाही. सात वर्षं थांबा असं त्यांना सर्रास सांगितलं जातं. सात वर्षांनंतर कायदा मृत्यू गृहीत धरतो हे खरं, पण त्याआधी पुराव्याने मृत्यू सिद्ध करायची वाट बंद नसते. कॅप्टनचा जबाब, शोधमोहिमेच्या नोंदी, झेंड्याच्या देशाचा चौकशी अहवाल हे सगळं कोर्टापुढे ठेवता येतं. इथे वकील लागतोच.

मालकाने टाळाटाळ केली तर? २०१७च्या ॲडमिरल्टी कायद्याने मुंबईसह किनाऱ्यावरच्या राज्यांच्या उच्च न्यायालयांना त्यांच्या हद्दीतल्या बंदरात असलेलं परदेशी जहाजसुद्धा अडकवून ठेवण्याचा अधिकार दिलाय. त्या जहाजावर पहिला हक्क खलाशांच्या पगाराचा, लगेच त्याखाली मृत्यू आणि दुखापतीचा. गहाणवट घेतलेली बँकसुद्धा यांच्यानंतर. पण मृत्यू-दुखापतीचा हा हक्क एका वर्षाचाच असतो, पगाराचा दोन वर्षांचा. कंपनी गोड बोलत ई-मेल पाठवत राहते, त्याने हे वर्ष थांबत नाही.

खर्चाची भीती मला समजते. आधी युनियनकडे जा, खलाशांसाठी नुसी, अधिकाऱ्यांसाठी एमयूआय. युनियनने कंपनीशी केलेल्या सामूहिक कराराखालची रक्कम पुष्कळदा तिथूनच मिळते. एजन्सी दाद देत नसेल तर मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाकडे तक्रार करा. कोर्टात जायची वेळ आली तर बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि मिळालेल्या भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या वकिलापासून उठून या. भारतात वकिलाला तसं ठरवायची मनाई आहे.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटीवरच्या खलाशाला यातलं एमएलसीचं काहीच लागू नाही. मासेमारी त्या करारातून वगळलेली आहे. त्याच्यासाठी मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये. त्यासाठी त्याचं नाव नोंदलेलं लागतं, आणि बोटीवर परमुलखातून आलेली कितीतरी पोरं कुठल्याच यादीत नसतात. बोटमालकांनो, मोसम सुरू व्हायच्या आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन त्यांची नावं नोंदवा. हप्ता सरकार भरतं, तुमच्या खिशातून काही जात नाही.