कागदावर नव्हता तो हुरडा

भोगीचा दिवस. नंदीध्वजांच्या मिरवणुकीने निम्मं सोलापूर अडलेलं, त्यामुळे मंगळवेढ्याहून सकाळी निघालेली गाडी आमच्याकडे पोचेस्तोवर तीन वाजले. पेशंट माझाच. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून व्रण पडण्याच्या आजारासाठी, सहा आठवड्यांपूर्वी त्याचं मोठं आतडं काढून लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा जे-पाऊच, मैला साठवणारी आतली थैली, शिवला होता. तो जोड भरून येईपर्यंत मैला वरच्या वर बाहेर पडावा म्हणून पोटावर तात्पुरती इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड, तिला पिशवी.

पोट टम्म, दोन उलट्या, पहाटेपासून पिशवी कोरडी. पाऊचचा पेशंट दारात आला की मला आधी जोड गळल्याचीच धास्ती. पण ताप नव्हता, ओटीपोट मऊ होतं. एक्स-रेत फुगलेली आतडी. म्हणजे अडलंय. आतडी चिकटलीत की पीळ पडलाय? पीळ असेल तर आजच पोट उघडावं लागणार. नाकातून नळी घातली, सलाइन सुरू केलं, सीटीला फोन केला.

"काय खाल्लं?"

आईने घडी केलेला कागद पुढे केला. "सायेब, ह्यातलं एक बी दिलं न्हाई."

कागद आमचाच. पॉपकॉर्न, मशरूम, सुका मेवा, सेलरी. मंगळवेढ्यात सेलरी! कुठल्याशा परदेशी पुस्तिकेवरून उतरवलेली यादी. वर्षानुवर्षं मीच वाटतोय.

सीटीआधी स्टोमात, म्हणजे पोटावरच्या त्या तोंडात, करंगळी घालून पाहिली. आतडं पोटाच्या स्नायूंतून बाहेर येतं त्या अरुंद जागी काहीतरी कणीदार लागलं. मऊ कॅथेटर हलकेच सरकवून कोमट सलाइन सोडलं, परत येऊ दिलं. जोर लावायचा नाही. पाचव्या खेपेला हिरवे दाणे आले. अख्खे.

"हुरडा?"

पोरगा छताकडे बघायला लागला. आई म्हणाली, "त्यो काय खाण्यात धरायचा का? आगटीवरचा मूठभर."

मग जे सुटलं ते थांबेना. पिशवीमागून पिशवी. आता काळजी उलटी, मीठ-पाणी जाण्याची. तहान लागली म्हणून तो नुसतं पाणी मागत होता, आणि नुसत्या पाण्याने उलट जास्तच वाहतं. घोट घोट ओआरएस दिलं.

रात्री कागदावर पेनने लिहिलं: हुरडा, शेंगा, मक्याचं कणीस.

"सर, आजच्या भोगीच्या भाजीचं?" सिस्टरने विचारलं.

मी पेन तिच्याच हातात दिलं.