रँडी जॉन्सन घराजवळ आला तेव्हा

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या लोकांना लिव्हरमोर म्हटलं की शिव-विष्णू मंदिर आठवतं, पण बेसबॉलवाल्यांसाठी ते रँडी जॉन्सनचं गाव. सहा फूट दहा इंचाचा डावखुरा पिचर (बॉल टाकणारा), त्याचा स्लायडर, म्हणजे ऐनवेळी वळणारा वेगवान बॉल, आला की भल्याभल्यांची तंतरायची.

2008 च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्याला एका वर्षासाठी घेतलं, तेव्हा त्याचं वय 45 आणि खात्यात 295 विजय (पिचर म्हणून त्याच्या नावावर लागलेल्या जिंकलेल्या मॅचेस), म्हणजे 300 ला फक्त पाच कमी, आणि ग्राउंड घरापासून तासाभरावर. लोक म्हणाले म्हातारा रेकॉर्डसाठी आलाय, असेल बुवा, मग काय झालं?

300 वा मात्र घरी नाहीच झाला, 4 जून 2009 ला वॉशिंग्टनमध्ये झाला, आदल्या दिवशी मॅच पावसात गेलेली त्यामुळे स्टेडियम जवळपास रिकामंच. सहा इनिंग्ज टाकून हा बसला, आणि आठव्यात बेसेस लोडेड (तिन्ही बेसवर रनर), फुल काउंट (पुढचा बॉल बाहेर गेला तर फुकट रन, स्ट्राइक पडला तर आउट), समोर बॅटर अ‍ॅडम डन! जायंट्सच्या ब्रायन विल्सननी टाकलेला बॉल डन बघतच राहिला, स्ट्राइकआउट. तो बॉल जरा खालीच होता, स्ट्राइक नव्हता, असं माझं मत आहे, पण जाऊ दे.

पुढे जुलैत खांदा गेला, सप्टेंबरमध्ये रिलिव्हर (मॅचच्या मध्येच येणारा बदली पिचर) म्हणून परतला आणि जानेवारीत रिटायर. एकूण विजय 303.