टॅप केलं, निघालो... आणि तळव्याचं काय?

परवा रात्री झोप येईना म्हणून एक उद्योग केला. फोनमध्ये एनएफसी (टॅप करून पैसे देताना कार्ड आणि मशीन जवळून बोलतात ते तंत्र) वाचणारं एक फुकटचं ॲप टाकलं आणि स्वतःचंच कार्ड फोनच्या पाठीला लावलं. टिंग! सगळे आकडे आणि एक्स्पायरी डेट स्क्रीनवर हजर, पिन नाही की ओटीपी नाही. पोटात गोळाच आला. मग पाकिटासकट लावून बघितलं तर आतली दोन कार्डं एकमेकांत लुडबुड करायला लागली आणि ॲप गोंधळलं, फोन जरा लांब नेला तर एकदम गप्प.

मग डोकं शांत झाल्यावर वाटलं की हे वाटतं तेवढं भयंकर नाहीये. रेंजच मुळात 4 सेंटिमीटरच्या आसपास, मागचा सीव्हीव्ही हवेतून जात नाही, आणि टॅप करताना चिप दरवेळी त्या एका व्यवहारापुरता नवा कोड बनवते, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून डुप्लिकेट टॅप-कार्ड बनत नाही (सीव्हीव्ही न विचारणाऱ्या वेबसाइट्स असतात, ती पळवाट आहेच). फोनने पैसे दिले तर बहुतेक वेळा खरा नंबरसुद्धा जात नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे बदली नंबर जातो. फोनही अगदी अभेद्य नाही म्हणा, 2021 मध्ये बर्मिंगहॅम आणि सरे विद्यापीठांच्या संशोधकांनी लॉक असलेल्या आयफोनमधून पैसे काढून दाखवले होते, प्रवासाच्या तिकिटासाठी चेहरा-बोट न विचारता चालणारा मोड चालू होता आणि त्यात व्हिसा कार्ड होतं म्हणून जमलं.

पण मला खरी धाकधूक बिनकॅशियरच्या दुकानांची वाटते. ॲमेझॉन गो 2018 च्या जानेवारीत सिॲटलमध्ये सगळ्यांसाठी उघडलं तेव्हा केवढं कौतुक, ॲपमधला कोड दाखवून आत शिरायचं, वस्तू उचलायची, चालू पडायचं, बाकी हिशोब कॅमेरे आणि फळीतले सेन्सर बघून घ्यायचे. म्हणजे अशा ठिकाणी चोराला तुमचं कार्ड लागतच नाही, तुमचं लॉगिन पुरतं. अशाच एका ॲपवर माझ्या मित्राचं अकाउंट गेलं. पासवर्ड तोच, जो त्याने वर्षानुवर्षं दहा ठिकाणी लावलाय, कुठल्यातरी जुन्या साइटवरून फुटला असणार. चोराने आत शिरून आधी ईमेल बदलला, मग आरामात खरेदी. पावत्या जायच्या चोराच्या मेलवर, ह्याला पत्ता लागला महिन्याच्या स्टेटमेंटला! काउंटरवर माणूस असता तर त्याने विचारलं असतं असं नाही, पण निदान कुणीतरी तोंड तरी बघितलं असतं. कॅमेरे होते की, पण ते फक्त काय उचललं ते बघत होते.

आणि वर ते तळव्याने पेमेंट. 2020 मध्ये ॲमेझॉन वन आलं होतं, मशीनवर तळवा धरला की पैसे दिले जायचे. कंपन्या सांगतात डेटा एन्क्रिप्टेड असतो, असेलही, पण अमेरिकन सरकारच्या कर्मचारी खात्यातून 2015 मध्ये 56 लाख लोकांचे बोटांचे ठसे चोरीला गेल्याचं बाहेर आलं, ते लोक आता नवी बोटं कुठून आणणार सांगा? कार्ड ब्लॉक करता येतं हो. मी तरी तळवा देणार नाही, टॅप मात्र बिनधास्त करते, वेगळ्या कार्डावरून, लिमिट कमी ठेवून, प्रत्येक व्यवहाराचा मेसेज चालू करून.

काल मित्राला विचारलं, बाबा पासवर्ड बदललास ना. म्हणाला हो तर, शेवटी एक आकडा वाढवला.